मशेरीची पंधरा मिनिटं

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि मग कुटून पूड केलेली तंबाखू. ती बोटावर घ्यायची, हिरड्यांना लावायची आणि बसून राहायचं. तिचा दात घासण्याशी संबंध आहे असं सांगतात, पण तो देवळाबाहेरच्या नारळवाल्याचा देवाशी असतो तेवढाच. आमच्या शहापूर-मुरबाड भागात ती बायकांची. पुरुषांच्या व्यसनांना पार आहे, नाका आहे, हळदीचा मांडव आहे. बायकांच्या व्यसनाला मागच्या दाराची पायरी.

मी शहापूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे आणि राहते मुरबाड तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. मी पदवीधर आहे, पुष्कळ वाचलेलं आहे, आणि अठ्ठावीस वर्षं मशेरी लावत होते. या तीन गोष्टी एका बाईत असू शकत नाहीत असं शाळेतल्या लोकांना वाटत असे, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडले नाही.

सुरुवात लग्नानंतर झाली. दाढ दुखत होती. सासूबाईंनी आपल्या डबीतली चिमूटभर दिली आणि म्हणाल्या, लाव, थांबेल. थांबली. पुढे ती दाढ काढली, मशेरी राहिली.

ती का राहिली, हे मला फार उशिरा कळलं. मशेरी लावलेल्या बाईचं तोंड थुंकीनं भरलेलं असतं. तिला बोलता येत नाही. बोलता येत नाही म्हणून तिला कोणी काही विचारत नाही. डबा झाला का, शर्ट कुठे आहे, गॅस कधी संपला, पाहुण्यांना काय सांगू, हे सगळं ती थुंकेपर्यंत थांबतं. आमच्या घरात सकाळची ती पंधरा मिनिटं म्हणजे माझी एकमेव मंजूर रजा होती. बाकी दिवसभर मी कोणाची ना कोणाची होते.

चट्टा

गणपती झाल्यावर तिखट खाताना गालाच्या आत चरचरायला लागलं. आरशात पाहिलं तर हिरडीला लागून पांढरट चट्टा, चुना लावल्यासारखा. मी तो तीन आठवडे कोणाला दाखवला नाही. घाबरले होते आणि त्यावर उपाय म्हणून मशेरी थोडी जास्त लावत होते. बुद्धीचा आणि पदवीचा संबंध किती, याचा हा पुरावा.

शेवटी शाळेजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. मुलगी तरुण, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं आत बघितलं, दिवा खाली ओढला, परत बघितलं. मग हातमोजे काढून खुर्ची माझ्या समोर आणून बसली. डॉक्टर खुर्ची समोर आणून बसला की बातमी बरी नसते, हे मी कादंबऱ्यांतून शिकले होते. तिनं विचारलं, तंबाखू कुठल्या स्वरूपात? मी म्हटलं, कुठल्याच नाही. ती नुसती थांबली. तिचं थांबणं माझ्यापेक्षा चिवट निघालं. मी सांगितलं.

ती म्हणाली, हा चट्टा आज कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही, पण तुकडा काढून तपासायलाच हवा, आणि मशेरी आजपासून बंद. मी विचारलं, हळूहळू कमी केली तर? ती म्हणाली, "काकू, चट्टा हळूहळू वाढतोय का, हे आपल्याला माहीत नाही ना."

रांग

तुकडा काढायला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागलं. नवरा बरोबर होता. तो भीती वाटली की वेळापत्रक बोलतो. परतीच्या गाड्या कुठल्या, कल्याणला जीप किती वाजेपर्यंत मिळेल, एसटी चुकली तर काय, हे तो मला रांगेत सारखं सांगत राहिला आणि मी ऐकत राहिले, कारण त्याला दुसरं काही म्हणता येत नव्हतं आणि मलाही.

त्या रांगेत बरेचजण तोंडाला रुमाल धरून बसलेले. माझ्या पुढे एक म्हातारी होती, जबड्याची शस्त्रक्रिया झालेली. तिला बोलता येत नव्हतं. मला चक्कर आल्यासारखं झालं आणि मी भिंतीला टेकायला बाजूला गेले, तर तिनं माझी पिशवी उचलून आपल्या पिशवीला टेकवून ठेवली आणि मागच्या माणसाकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला. त्या दिवसात माझ्यासाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती.

निकाल आला: कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्या आहेत. तंबाखू पूर्ण सुटली तर चट्टा जाऊ शकतो, नाही सुटली तर पुढचं सांगता येत नाही. अधूनमधून दाखवत राहा. इतकी साधी अट मला आयुष्यात कोणी घातली नव्हती.

घरी सासूबाईंना काय सांगायचं यावर आमचं जीपमध्येच एकमत झालं. वय झालंय, धसका घेतील. म्हणून सांगितलं, तोंड आलंय, डॉक्टरनं मशेरी बंद केलीय. त्या म्हणाल्या, तोंड येतंच, जातंच.

बशी

सोडल्यावरचे पहिले दिवस मी सांगते, कारण हे कोणी नीट सांगत नाही. डोकं कानापासून कानापर्यंत दुखतं. झोप तुटते. पण ते सोसता येतं. सोसवत नाही ते हे की जगातली प्रत्येक वस्तू मुद्दाम आपल्याला छळायला तिथे ठेवली आहे असं वाटतं. नवरा रोज सकाळी विचारायचा, कसं वाटतंय? प्रश्न प्रेमाचा होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी बशी भिंतीवर फेकली. ती बशी तशीही तडा गेलेली होती, पण मुद्दा तो नव्हता.

रुग्णालयातल्या समुपदेशकानं एक पत्रक दिलं होतं, ताणाचं व्यवस्थापन. त्यावर एक बाई समुद्रकिनाऱ्यावर डोळे मिटून मांडी घालून बसलेली. आमच्याकडे समुद्र नाही, आणि मी मांडी घालून बसले की घरच्यांना वाटतं जेवायला वाढायची वेळ झाली. तरी मी त्यात लिहिलेले श्वास घेतले. आत घ्या, धरा, सोडा. सोडताना मनातल्या मनात मी जे शब्द वापरत होते ते पत्रकात नव्हते.

मग सासूबाईंनी राखुंडी केली. भाताची तुसं तव्यावर जाळायची, कुटायची, त्यात मीठ आणि लवंग. त्यांच्या आईच्या वेळची पद्धत. म्हणाल्या, ही लाव, हिच्यात तंबाखू नाय, बोटाला काम राहील. रंग काळा, चव खारट-कडवट. मी डॉक्टरला विचारलं नाही. विचारण्यासारखं काय आहे, तुसंच तर आहेत, असं वाटलं.

आणि काय आश्चर्य, मला बरं वाटायला लागलं. डोकं उतरलं. हात शांत झाले. नवऱ्यानं कसं वाटतंय विचारलं तर मी चक्क उत्तर द्यायला लागले. याचं सगळं श्रेय मी श्वासांना दिलं.

सत्कार

आमच्या मुख्याध्यापकांना कोणाचंही भलं झालेलं बघवत नाही. ते लगेच त्याचा सत्कार करतात. माझं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं, आणि व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, समाजाला प्रेरणा. समाज म्हणजे आठवी ते दहावीची मुलं, ज्यांना त्या दिवशी दोन तास कमी होते म्हणून आनंद झाला होता.

फाटकावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. अठ्ठावीस वर्षं जे लपवलं ते आता आठ फूट बाय चार फूट झालं. पाहुणे आले. भाषणाआधी त्यांना एकदा खिडकीपाशी जाऊन यावं लागलं. कशासाठी, ते त्या खिडकीखालची भिंत सांगेल. मग ते तंबाखूच्या दुष्परिणामांवर बराच वेळ बोलले.

शेवटी मला बोलायला उभं केलं. मी श्वासांबद्दल बोलले. ताण बाहेर नसतो, आत असतो. मन स्थिर केलं की शरीराला कशाची गरज पडत नाही. टाळ्या पडल्या. एका शिक्षिकेनं नंतर येऊन ते श्वास लिहून घेतले. पत्रकापेक्षा मीच छान सांगितलं, असं मला वाटलं, आणि बढाई मारणाऱ्यांकडे मी आयुष्यभर ज्या नजरेनं बघत आले ती नजर त्या दिवशी घरी विसरले होते.

थोड्याच दिवसांनी तपासणीला गेले. डॉक्टर मुलीनं दिवा ओढला, परत बघितलं. चट्टा तसाच. कमी नाही. तिनं विचारलं, पूर्ण बंद आहे ना? मला राग आला. मी तिला फ्लेक्सबद्दल सांगितलं. ती म्हणाली, बरं, मग आणखी थोडी वाट बघू, पण नाही उतरला तर परत तुकडा काढावा लागेल. घरी येताना डोक्यात एकच: सगळं केलं, तरी जात नाही, म्हणजे आता काय.

म्हशाची जत्रा

थंडीत सासूबाई म्हसा गावाला नणंदेकडे गेल्या. जत्रा होती, नणंद दरवर्षी बोलावते, आणि सासूबाई बैल बघायला जातात. त्यांना आता बैल घ्यायचा नाही, ठेवायला गोठाही नाही, पण बैल बघून नावं ठेवण्यात त्यांना जे सुख मिळतं ते वेगळंच. त्या गेल्या आणि माझी राखुंडी संपली. संपली तर संपली, तुसंच होती.

दुसऱ्या दिवशी डोकं कानापासून कानापर्यंत. शाळेत मुदत उलटून पुस्तक परत आणलेल्या एका मुलीला मी इतकं बोलले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी नवऱ्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हटलं आणि मी ताट उचलून नेलं. श्वास घेतले. आत, धरा, सोडा. काही होईना. मी म्हटलं, शाळेची तपासणी जवळ आली आहे, ताण असणार. चट्टा जात नाही, ताण असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर कपाळ धरून बसले असताना लक्षात आलं की ही अवस्था मला ओळखीची आहे. अगदी अशीच मी पूर्वी एकदा झाले होते. बशीच्या वेळी.

मी उठले आणि सासूबाईंच्या फळीवरून माझ्या राखुंडीचा डबा काढला. तळाला जरासं उरलेलं होतं. हातावर ओतून उजेडात धरलं. काळ्या पुडीत एक न कुटलेला तुकडा होता, पानाच्या शिरेचा. भाताच्या तुसाला शीर नसते.

माझ्या जिभेला हे सगळे महिने माहीत असणार. तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

सासूबाई आल्या त्या खांद्यावर नवी घोंगडी टाकून. मी पाण्याचा तांब्या दिला. मग म्हटलं, "आई, राखुंडीत तंबाखू होती."

त्यांनी नाकबूल केलं नाही. घोंगडी खाली ठेवली, घडी नीट केली. "वाईच. वासापुरती."

"केव्हापासून?"

"तू बशी फोडलीस तवापासून. भांडी घासताना रडत व्हतीस गो. मना बघवंना."

मी सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं: तुकडा का काढला, पेशी म्हणजे काय, चट्टा उतरला नाही तर काय होईल. कॅन्सर हा शब्द त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला. त्या हळूहळू भिंतीला टेकल्या. मला वाटलं, धसका घेतला. पण तो धसका नव्हता, संताप होता.

"तोंड आलाय म्हनालीस तू मना," त्या म्हणाल्या. "तोंड आल्यावर कोन मरतं? मना कोनी सांगितला असता तर मी घातली असती का? मी काय तुझी वैरीन हाय?"

आम्ही त्यांना काळजीतून वगळलं होतं, आणि त्यांनी आपली काळजी परस्पर राखुंडीत घातली होती. घरात एकमेकांना जपायची ही आमची जुनी रीत आहे. प्रत्येकजण दुसऱ्याला न सांगता त्याचं भलं करतो.

तोंडात पाणी

डॉक्टरला फोन करून खरं सांगितलं. ती खोकली. हसू दाबत असावी, पण चांगल्या घरची मुलगी. म्हणाली, म्हणजे चट्टा हट्टी आहे असं आपल्याला माहीतच नाही अजून, हे चांगलंच झालं. आजपासून मोजू. राखुंडीही बंद.

दुसऱ्यांदा सोडताना एक फायदा होता. श्वासांवर माझा विश्वास उरला नव्हता, त्यामुळे मला नेमकं काय हवं आहे हे बघावं लागलं. तलफ यायची ती ठरावीक वेळी, सकाळी, डब्यांच्या आधी. डोकं दुखायचं थांबलं तरी त्या वेळी मी घरात भिरभिरायची. सासूबाई हे बघत होत्या. एक दिवस त्यांनी मला हाताला धरून मागच्या पायरीवर बसवलं आणि पाण्याचा पेला हातात दिला.

"पिऊ नको. तोंडात धर. बस."

मी गालभर पाणी घेतलं आणि बसले. समोर परडं, वाल वाळत घातलेले, पलीकडे माहुलीचे सुळके उन्हात उजळत होते. नवरा आला. म्हणाला, कसं वाटतंय? मी गालाकडे बोट दाखवलं. तो थांबला, मान हलवली आणि आत जाऊन आपला शर्ट आपण शोधला.

मला तंबाखू सुटत नव्हती हे खरं, शरीराला तिची सवय होती. पण त्याहून जास्त मला ती रजा सुटत नव्हती. आमच्याकडे बाई रिकामी बसलेली दिसली तर तिला काम द्यायचं असतं. तोंड भरलेलं असेल तर नाही. तेव्हा मी रोज तोंड भरून बसायला लागले. शेजारीण एकदा कुंपणावरून म्हणाली, पुन्हा लावायला लागलीस वाटतं? मी पाणी थुंकून दाखवलं. आठवड्याभरानं तीही पेला घेऊन आली. तिला काही सोडायचं नव्हतं, बसायचं होतं.

हे वाचणाऱ्या कोणाला यातून काही घ्यायचं असेल तर एवढंच घ्या. व्यसनानं तुम्हाला नशेशिवाय आणखी काय दिलं होतं ते शोधा: गप्पा, एकांत, उठून बाहेर जायचं निमित्त. ते दुसऱ्या वाटेनं मिळवा, नाहीतर त्याच्यासाठी परत तिथेच जाल. बाकी डॉक्टर सांगतील ते करा आणि घरच्यांपासून काही लपवू नका. त्यांच्याकडे तवा असतो.

आता मला पाण्याची गरज लागत नाही. मी नुसती बसते, आणि कोणी काही विचारत नाही. घराला सवय झाली आहे.

खुर्ची

भात झोडून कधीच झालं होतं, पळस फुलले होते, तेव्हा परत तपासणी होती. सासूबाई म्हणाल्या, मीबी येते, शहापूरला मना चपला घ्यायच्यात. चपला मुरबाडलाही मिळतात.

डॉक्टर मुलीनं दिवा ओढला. मी छताकडे बघत राहिले. त्या खोलीच्या छताला एक ओल आहे, तिचा आकार मला पाठ झाला आहे. तिनं आरसा फिरवला, गाल ताणला, परत बघितलं. मग म्हणाली, फिकट झालाय, कडेनं तर गेलाच आहे. तुकडा काढायची गरज नाही. असंच चालू दे.

मी खुर्चीतून उतरले. भिंतीजवळच्या बाकावर बसले. वळून बघते तर खुर्चीत सासूबाई. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या, पदर खोचलेला, तोंड उघडं.

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिनं दिवा परत ओढला. आता छताची ओल त्या बघत होत्या, आणि बाकावर बसणं खुर्चीत बसण्यापेक्षा कितीतरी वाईट असतं हे मला कळत होतं. माझ्या नवऱ्याच्या सगळ्या एसट्या मला त्या वेळी आठवल्या.

काही मोठं सापडलं नाही. एका जागी लक्ष ठेवायचं, आणि मशेरी बंद. डॉक्टरनं विचारलं, जमेल का आजी, इतक्या वर्षांचं?

"हिला इचार," सासूबाई चपला घालत म्हणाल्या. "हिनं दोनदा सोडलीय."

परतीच्या जीपमध्ये त्या खिडकीजवळ बसल्या. किन्हवली जवळ आली तेव्हा त्यांनी कंबरेची डबी काढली, माझ्या हातात दिली आणि बाहेर बघत विचारलं, पहिल्या दिवसांत काय होतं?

मी म्हटलं, "भांडण होतं."

"कोनाशी?"

"जवळ असेल त्याच्याशी."

त्यांनी विचार केला. "मग तू चार दिस माहेराला जा."

मी गेले नाही. भांडायला कोणीतरी जवळ लागतं.